दिवाळीचं रोस्टर लावलंय, पण टीममधल्या एकीच्या घरी यंदा सण नाही... माझं चुकलं का?

सांजवात_पुणे

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर समजून घ्या.

मी हिंजवडीत एका सपोर्ट टीमची लीड आहे, यंदा एप्रिलपासून. आम्ही नऊ जण. क्लायंट युरोपातला, त्यामुळे आपले गणपती असोत नाहीतर दिवाळी, त्यांचं सगळं चालूच असतं आणि रोज किमान तीन जण लॉगिन लागतातच, दोन दिवसपाळीला आणि एक रात्री. यंदा, म्हणजे २०२५ ला, नरक चतुर्दशी सोमवारी २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१, पाडवा २२, भाऊबीज २३, म्हणजे अख्खा आठवडाच सणात. कंपनीची सुट्टी त्यातली दोनच दिवस आणि सपोर्टवाल्यांना तीही नाही, नंतर कॉम्पऑफ मिळतो, म्हणजे बदली सुट्टी.

तर गेल्या शुक्रवारी मी रोस्टर लावायला बसले. पहिलं नाव टाकलं ते टीममधल्या एका मुलीचं, जिचे वडील जुलैमध्ये गेले. माझ्या डोक्यात हिशोब एकदम सरळ होता, की अजून वर्ष व्हायचंय, तिच्याकडे यंदा सण नाही, मग ती थांबली तर बाकीच्यांना घरी जाता येईल. चारही दिवस तिला टाकलं. विचारलं नाही. शीट ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठे दिले, तिनेही "ओके" लिहिलं.

सोमवारी पॅन्ट्रीत चहा घेताना एक जण सहज बोलून गेला, "बरं झालं यार, तिला यंदा दिवाळी नाहीचे, आपलं सुटलं." ती मागेच बाटली भरत होती. काही बोलली नाही, बाटली अर्धीच भरली आणि गेली. तो मुलगा मनाने वाईट नाहीये हो. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण तो जे तोंडाने बोलला तेच मी शीटमध्ये करून ठेवलं होतं.

मग बाकीचं रोस्टरही परत उघडून बघितलं तर तिथेही तेच. टीममधला एक मुस्लिम मुलगा आहे, त्याला लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी. गेल्या वर्षीच्या लीडने पण तीच दिली होती. एक मुलगा बिहारचा, त्याने छठसाठी २३ च्या रात्रीपासून सुट्टी मागितली होती, त्याला मी म्हटलं दिवाळीत घे नाहीतर छठला घे, दोन्ही नाही मिळणार. आणि त्याला दिवाळीची नकोच होती, हे मी नीट ऐकूनच घेतलं नाही.

शिवाय एचआरने १७ तारखेला ट्रॅडिशनल डे आणि टीमवार रांगोळी स्पर्धा ठेवलीये. वडील गेलेली जी मुलगी आहे तीच आमच्यात सगळ्यात सुंदर रांगोळी काढते, गेल्या वर्षी बक्षीस तिच्यामुळे आलं. आता तिला विचारायचं की नाही? विचारलं तर हिला काही समजत नाही असं वाटेल, नाही विचारलं तर वगळल्यासारखं.

ज्यांनी असं काही बघितलंय किंवा स्वतः सोसलंय त्यांनी प्लीज लिहा.

कृष्णाकाठ

सांजवात, तुझी पोस्ट दोनदा वाचली आणि मग कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

माझे यजमान २०२२ च्या पावसाळ्यात गेले. मी बँकेत आहे, कुठली ते राहू दे. पहिली दिवाळी आली तेव्हा ऑफिसात काय व्हायचं सांगते. मी टेबलापाशी आले की फराळाचं, खरेदीचं बोलणं बंद व्हायचं. साड्यांचे फोटो बघत असायच्या, मी दिसले की मोबाईल पालथा. सगळ्या चांगल्याच बायका, मला त्रास नको म्हणून करायच्या, पण मला वाटायचं आपण आलो की खोलीतला दिवा विझतो. आणि ब्रँचच्या पूजेला मला कुणी बोलावलंच नाही. न बोलावण्यात त्यांना काळजी वाटत होती आणि मला ते बाहेर काढल्यासारखं वाटत होतं, दोन्ही खरंच होतं.

एकच बाई वेगळी वागली, आमची दफ्तरी, म्हणजे फायली-कागद सांभाळणारी. ती आली आणि म्हणाली "मॅडम, यंदा तुमच्या घरी कढई चढायची नाही, मी आणू का थोडं? आणि पूजेला यायचं वाटलं तर या, नाही वाटलं तर मी प्रसाद टेबलावर आणून देते." बस्स एवढंच. दोन्ही रस्ते तिने माझ्यापुढे ठेवले आणि निवडायचं माझ्यावर सोडलं. मी पूजेला गेले नाही, पण तिने विचारलं होतं हे मला आजपर्यंत पुरलंय.

आता तुझ्या टीममधल्या मुलीचं. "सण नाही" म्हणजे काय ते नीट समजून घे. कंदील लागत नाही, फराळ तळत नाहीत, नवे कपडे नाहीत. पण म्हणून घर रिकामं नसतं गं. उलट पहिली दिवाळी म्हणजे लोक भेटायला येतात, सोयरे, भावकी, गावातले, हातात फराळाचा डबा घेऊन, बसतात, गेलेल्या माणसाचं बोलतात, रडतात. त्या चार दिवसात तिच्या आईला किती वेळा दार उघडावं लागेल विचार कर. तिला भाऊ आहे का, आईजवळ कोण आहे, हे तुला माहीत आहे का? माझ्या मुलीला त्या वर्षी चार दिवस सुट्टी मिळाली नसती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काहींना घरात बसवत नाही. माझा दीर त्या वर्षी मुद्दाम ड्युटी मागून घेऊन गेला, म्हणाला वहिनी घरात श्वास कोंडतो. तेव्हा तू तुझ्या मनाने तिला सगळी सुट्टी देऊन टाकलीस तर तेही चुकेल. विचार. चारचौघात नको, मेसेजवर नको, खाली चहाला ने आणि विचार.

रांगोळीचं पण तसंच. विचार आणि लगेच म्हण की नाही म्हणालीस तरी काहीच बिघडत नाही.

एक अजून लिहिते, तुमच्याकडे जानेवारीत हळदीकुंकू होत असेल तर. माझ्या ऑफिसात संक्रांतीला वाण वाटत आले आणि माझ्या टेबलाला वळसा घालून पुढच्या टेबलाला गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एका गावाला जमलं ते एसी ऑफिसात जमू नये याचं वाईट वाटतं. एक तिळगुळाची वडी आणि एक स्टीलची वाटी होती ती. अजून आठवते.

मोहोळचा_मी

सांजवात ताई, तुमच्या टीममधल्या त्या मुस्लिम मुलाच्या जागी मी नऊ वर्षं होतो म्हणून लिहितो.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, नोकरी मुंबईत. दरवर्षी दिवाळीला मी. पहिली तीन-चार वर्षं मी स्वतःच हात वर करायचो आणि मनापासून करायचो, सगळे घरी जातायत, परत येताना डबे भरून आणतायत, मला त्यात आनंदच होता. नंतर विचारणं बंद झालं. लिस्ट यायची त्यात माझं नाव आधीच असायचं. तेच काम, तीच रात्र, पण स्वतःहून देणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे शाळा. माझ्या पोरांना वर्षात उन्हाळा सोडला तर मोठी सुट्टी कधी, तर दिवाळीचीच. बहिणीच्या पोरांनाही तेव्हाच. गावी सगळे भाऊ-बहीण एकत्र भेटतो ते दिवाळीच्याच सुट्टीत, कारण ईदला जो तो आपापल्या नोकरीच्या गावी अडकलेला असतो. नऊ वर्षं माझी पोरं आईबरोबर गावी गेली आणि मी मागे. माझ्या घरी लक्ष्मीपूजन नसेल, दिवाळी मात्र आहे.

ईदचं आणखी अवघड. चंद्र दिसल्यावर ठरतं, त्यामुळे सुट्टीच्या अर्जात एकच तारीख टाका म्हटलं की आम्ही काय टाकायचं? मी दोन तारखा टाकायचो तर "नक्की काय ते ठरवा" असा रिमार्क यायचा. यंदा तर ईद ३१ मार्चला आली, वर्षअखेर, रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार बघणाऱ्या बँका त्या दिवशी चालू ठेवायला सांगितल्या होत्या. मी अकाउंट्सला आहे, मलाही कळतं की क्लोजिंग आहे. आमच्या साहेबांनी त्या वेळी जे केलं ते सांगतो. ते फेब्रुवारीतच म्हणाले, "ईद ३० ला आली तर प्रश्न नाही, रविवार आहे, ३१ ला आली तर तू नमाज, घरचं जेवण सगळं करून दुपारी तीनला ये, सकाळचं मी बघतो." शीरखुर्म्याचा डबा घेऊन तीनला गेलो, रात्री साडेअकराला निघालो आणि एकदाही मनात आलं नाही की माझी ईद गेली. आधी बोलले ना ते, म्हणून.

जमतं हो. मुंबईत बघा, २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली तर आमच्या लोकांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारने २९ ला सुट्टी दिली. २०२४ ला सुट्टी १६ वरून १८ ला गेली, यंदा ५ वरून ८ सप्टेंबरला. एवढ्या मोठ्या शहराला तीन वर्षं लागोपाठ बसून बोलून जमलं तर नऊ जणांच्या टीमला जमेल.

त्याला यंदाही रात्रपाळी द्या हवं तर, पण आधी विचारून द्या, आणि ईदच्या दोन तारखा त्याच्या नावापुढे आत्ताच लिहून ठेवा.

पगारपत्रक

मी नाशिकला पेरोल आणि एचआर बघतो, आधी अंबड एमआयडीसीत कारखान्यात होतो, आता एका ऑफिसात. वरच्या दोघांनी मनाचं लिहिलंय, मी कागदाचं लिहितो, कारण कागद नीट असला की मनालाही जागा राहते असा माझा अनुभव.

पहिलं, तू लिहिलंस की सुट्टीच्या दिवशी काम केलं तर नंतर कॉम्पऑफ मिळतो. फक्त कॉम्पऑफ? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या आणि उरलेल्या चार सणांच्या, त्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. या आठातल्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही. मॅनेजर पदावरच्यांना हे लागू नाही पण तुझ्या टीममधली पोरं त्यात बसतात का ते एचआरला लेखी विचार. पैशाने सण भरून येत नाही पण दुप्पट पगार असला की निदान कुणीतरी स्वतःहून पुढे येतं, ढकलावं लागत नाही.

दुसरं, "मिळून ठरवायच्या" हे शब्द कुणी वाचतच नाही. डिसेंबरात एचआर गेल्या वर्षीची यादी उघडतं, तारखा बदलतं आणि मेल टाकतं. यंदा दसरा २ ऑक्टोबरलाच आलाय, म्हणजे ज्यांच्या यादीत दोन्ही होते त्यांची एक सुट्टी आपोआप गेली, मागच्या डिसेंबरात कॅलेंडर उघडून कुणी बोललं असतं तर ती दुसरीकडे लावता आली असती. आमच्याकडे आता चारातल्या दोन सगळ्यांना सारख्या आणि दोन ज्याच्या त्याच्या पसंतीच्या. केंद्र सरकारच्या लोकांना वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या असतात तशातलं. एकाने १४ एप्रिल घेतली, एकीने गुड फ्रायडे, एक जण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची घेतो कारण तो दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर असतो आणि परतीच्या प्रवासाला एक दिवस लागतोच. दसऱ्याची सुट्टी तर सगळ्यांनाच आहे मग तुला जादा कशाला, असं त्याला आधीच्या ठिकाणी ऐकायला लागायचं.

तिसरं, तुझा बिहारचा मुलगा. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० होतं. यंदा छठ २५ ऑक्टोबरच्या नहाय-खायपासून २८ च्या सकाळच्या अर्घ्यापर्यंत. २३ च्या रात्री पुण्यातून निघायचं तर बुकिंग २४ ऑगस्टला उघडलं आणि छठच्या गाड्या कशा भरतात ते सगळ्यांना माहीत आहे. तू रोस्टर लावलंस सप्टेंबरात. म्हणजे त्या पोराने एकतर तिकीट काढून ठेवलंय आणि तुला सांगायला घाबरतोय, किंवा काढलंच नाहीये. आजच विचार.

रोस्टर कसं लावतो ते पण सांगतो, पटलं तर घे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपले तीन दिवस लिहून द्यायचे, यातला एक शंभर टक्के मिळणार, दुसरा शक्यतो, तिसरा जमला तर. कुठल्याही धर्माचा सण चालेल, मुलीचा वाढदिवस चालेल, वडिलांचं श्राद्ध चालेल, कारण विचारायचं नाही. आणि ३१ डिसेंबर पण त्याच टोपलीत टाकायचा, तो दिवस सगळ्यांना हवा असतो आणि त्याला कुणी सण म्हणत नाही. गेल्या वर्षी कोण थांबलं होतं ते त्याच शीटच्या शेजारच्या रकान्यात ठेवायचं म्हणजे तोच माणूस परत परत अडकत नाही.

(तुमच्या मजल्यावरचे हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीवाले कंत्राटी असतील. त्यांच्या बोनसची चौकशी कर, ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्याला कायद्याने किमान ८.३३ टक्के लागतो आणि मार्चला वर्ष संपलं की आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर द्यावा लागतो. ट्रॅडिशनल डेला आपण फेटे बांधून फोटो काढतो आणि तो फोटो काढणाऱ्या हाउसकीपिंगच्या मावशीला पेढ्याचा बॉक्स नसतो, हे मी फार ठिकाणी बघितलंय.)

एकटा_जीव

सगळं बरोबर पण ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांचंही कुणीतरी लिहा. मी ३८ चा आहे. "तुला काय, बायको-पोरं नाहीत, तू थांब" हे मी प्रत्येक दिवाळीत ऐकतो. मला आईवडील आहेत. आई ७१ ची आहे, ती अजूनही पहाटे उठून माझ्यासाठी उटणं कालवते, मी नसलो तर वाटी तशीच झाकून ठेवते आणि शनिवारी गेलो की लावते. कुणाकडे वाट बघणारं माणूस आहे की नाही हे लग्नाच्या रकान्यावरून ठरवू नका एवढंच.

पांढरी_टोपी

मी सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. आमच्याकडे सुट्टी हा प्रश्नच नसतो, वॉर्ड कधी बंद होत नाही. दिवाळीत तर फटाक्याने भाजलेली लेकरं येतात, त्यांच्या आया नव्या साडीतच येतात, ते बघवत नाही.

ड्युटी लिस्ट मी लावायचे. बाळा, तुझ्यासारखंच मीही एकदा केलंय. एका सिस्टरचं मूल पोटातच गेलं होतं, सातव्या महिन्यात. तीन महिन्यांनी दिवाळी आली, मी तिला मुद्दाम मेडिकल वॉर्डला टाकलं, प्रसूतीकडे नको म्हणून, आणि मला वाटलं मी केवढं समजूतदारपणे केलं. ती मला येऊन म्हणाली "सिस्टर, मला तिकडेच द्या, तिथे निदान रात्रभर हात रिकामे राहत नाहीत." मी खाली बसले खुर्चीवर. तिचं दुःख तिला माहीत, त्याला औषध काय ते मी परस्पर लिहून दिलं होतं. त्यानंतर मी लिस्ट पेनने लिहायची बंद केली. आधी पेन्सिलने लिहायची, आठ दिवस टेबलावर ठेवायची, ज्याला बोलायचंय त्याने येऊन बोलायचं, मग पेन.

आणि बोलायला सगळे येत नाहीत हेही लक्षात ठेव. नवी पोरगी, कंत्राटी पोरगी, नुकतं दुःख झालेली, या येत नाहीत. त्या "चालेल" म्हणतात. तुझ्या मुलीने "ओके" लिहिलं ना, मला त्याचीच काळजी वाटली. अशांकडे आपण चालत जायचं असतं.

आमच्याकडे केरळच्या ख्रिश्चन सिस्टर बऱ्याच होत्या, त्या लक्ष्मीपूजनाला थांबायच्या आणि २४-२५ डिसेंबरला आम्ही. म्युच्युअल म्हणतो आम्ही त्याला. पण ते दोघींनी आपसात ठरवून माझ्याकडे सही घ्यायला यायचं, मी वरून लावायचं नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. २४ ला रात्री बारा वाजता त्यांच्या प्रार्थनेला त्या निघाल्या की मी म्हणायचे आमच्याही वॉर्डातल्या लोकांसाठी एक मेणबत्ती लावा. लावायच्या.

राईनकाठ

मी जर्मनीत आहे, क्लायंटच्या बाजूचा माणूस म्हणून दोन ओळी. इथे २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही सरकारी सुट्ट्या, २४ ला दुपारनंतर कुणी सापडत नाही, आणि त्या आठवड्यात सॉफ्टवेअर रिलीज ठेवायचा विचार कुणी स्वप्नातही करत नाही. पण दिवाळी कधी आहे हे यांना कुणी सांगतच नाही! मी या कंपनीत आलो त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच मोठी रिलीज लागली होती, मी मॅनेजरला विचारलं तर ती खरंच हादरली, म्हणाली तिकडून सगळ्यांनी हो म्हटलं होतं. आपली माणसं क्लायंटला नाही म्हणायला घाबरतात. आता जानेवारीतच मी पुढच्या दिवाळीच्या, ईदच्या, गणपतीच्या तारखा सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. तुम्ही आत्ता मेल लिहा, की २० ते २३ ऑक्टोबर आमच्याकडे तुमच्या ख्रिसमससारखं आहे, तातडीचं असेल तेवढंच घेऊ, बाकी २४ ला. तीन माणसांऐवजी दोघांत भागेल बघा.

सांजवात_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण आधी करायचं आणि मग इथे लिहायचं असं ठरवलं होतं.

कृष्णाकाठ ताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी तिला खाली टपरीवर नेलं. आधी माफी मागितली, की मी न विचारता तुझं ठरवलं, आणि पॅन्ट्रीतलं ते मी ऐकलं होतं आणि तेव्हा गप्प बसले त्याचीही. ती बराच वेळ कपाकडे बघत होती. मग म्हणाली की ती एकुलती एक आहे, आई इस्लामपूरला एकटी असते, आणि पाडव्याला वडिलांचे सगळे मित्र येणारेत. आईने दोनदा फोन करून विचारलं होतं कधी येतेस, आणि हिने आईला सांगितलं होतं की सुट्टी नाही मिळत. आईला! जुलैनंतरच्या पहिल्या दिवाळीला! मला तिथेच रडू आलं, तिलाही आलं, टपरीवाले काका दुसरा चहा न सांगताच ठेवून गेले.

ती १९ पासून सुट्टीवर आहे, २४ पर्यंत. रांगोळीचं पण विचारलं, म्हणाली स्पर्धेला नको, पण स्केच काढून देते, तुम्ही भरा. काल काढून दिलं, मोर आहे.

पगारपत्रक दादा, तुमचा अंदाज शंभर टक्के खरा. पोराने २४ ऑगस्टला सकाळी आठ वाजता दानापूर एक्स्प्रेसचं तिकीट काढलेलं होतं आणि महिनाभर खिशात ठेवून फिरत होता. सुट्टी दिली. तो नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही दिवस स्वतःहून थांबतोय. दुप्पट पगाराचं एचआरला मेलवर विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही, सोडणार नाहीये.

मोहोळच्या दादा, त्याला विचारलं तर म्हणाला लक्ष्मीपूजनाची रात्र मला चालते, खरंच चालते, पण पाडवा-भाऊबीज मोकळी द्या, बहीण येतेय मुलांना घेऊन. दोन्ही मोकळे दिलेत. त्याच्याकडे सख्खी बहीण येते भाऊबीजेच्या सुट्टीत आणि हे मला दोन वर्षं शेजारी बसून माहीत नव्हतं.

क्लायंटला मेल गेला, २० ते २३ दिवसपाळीला दोघांऐवजी एकावर कबूल झालेत. पाडव्याची रात्र मी घेतलीये, नवऱ्याशी बोलून, सासूबाई थोड्या नाराज आहेत पण ओवाळणं सकाळी करू म्हणाल्या. पॅन्ट्रीत जो बोलला होता त्यालाही एकट्याला भेटले, ओरडले नाही. त्याने तिच्याकडे जाऊन सॉरी म्हटलं आणि भाऊबीजेची दिवसपाळी घेतली.

एकच विचारायचं राहिलं. ती १८ ला संध्याकाळी ऑफिसातूनच परस्पर गाडीला जाणारे, तिच्या आईसाठी आमच्या टीमकडून फराळाचा डबा दिला तर चालतो ना? म्हणजे रीतीत बसतं का, आम्ही नातेवाईक नाही म्हणून विचारतेय.

कृष्णाकाठ

चालतो गं. न चालायला काय झालं, लेकीच्या जागची माणसं तुम्ही. फक्त लाडू कमी घाल आणि चकली, कडबोळी, शेव जास्त. पहिल्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरून लाडूच येतात, चौथ्या दिवशी गोड बघवत नाही, आणि भेटायला आलेल्यांना चहाबरोबर काहीतरी खारं ठेवावं लागतं ते त्या घरात नेमकं नसतं.